बिबळ्या, शहापूर–मुरबाड प्रदेशातील

स्तनी वर्गाच्या मांसाहारी गणातील मार्जार कुलात (फेलिडी) समाविष्ट होणारा एक हिंस्र प्राणी. शास्त्रीय नाव पँथेरा पार्डस असून भारतात आढळणारी उपजाती फुस्का या नावाने ओळखतात. मराठीत त्याला बिबट्या, बिबटा, वाघरू अशीही नावे आहेत. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत आता पट्टेवाल्या वाघाची वस्ती राहिलेली नाही. त्यामुळे तेथे नुसते ‘वाघ’ म्हटले, तरी बहुधा बिबळ्याच अभिप्रेत असतो. त्याला चित्ता म्हणण्याचा प्रघातही पुष्कळ ठिकाणी आहे. पण तो चुकीचा आहे. चित्ता हा वेगळ्या वंशाचा, उघड्या माळावर पाठलाग करून शिकार करणारा प्राणी असून त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात. बिबळ्याच्या अंगावर मात्र पाकळ्यांप्रमाणे मांडलेल्या काळ्या खुणांची पोकळ वर्तुळे असतात व त्यांच्या आतील रंग भोवतालच्या पिवळसर रंगापेक्षा किंचित गडद असतो. डोके, मान व पाय यांवरील ठिपके भरीव असतात. पोट व पायांची आतील बाजू पांढुरकी असते. या खुणांची रचना कोणत्याही दोन बिबळ्यांत सारखी नसते. आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे जंगलवाटांवर लावून बिबळ्यांची गणती करतात, ती याच भेदावर आधारलेली आहे. काळा बिबळ्या ही निराळी जाती नव्हे; आनुवंशिक कारणाने त्याच्या अंगात कृष्णरंजक वाढलेले असते आणि तिरप्या उजेडात त्याच्याही अंगावरील वर्तुळे दिसतात.

पूर्ण वाढलेल्या नराची शेपटीसह लांबी सु. २१५ सेंमी. व वजन सु. ५० ते ७० किग्रॅ. असते. मादी लहान असून तिचे वजन ३० ते ४५ किग्रॅ. भरते. शेपटी लांब असल्याने झाडावर तोल सांभाळण्यास उपयोगी पडते. खांदे व पुढचे पाय फार बळकट असून आपल्याइतक्याच वजनाचे भक्ष्य तोंडात धरून तो झाडावर चढू शकतो. चालताना नख्या आत ओढलेल्या असतात. त्यामुळे त्याच्या पाऊलखुणेत गादी व चार बोटे यांचेच ठसे उमटतात, नखांचे उमटत नाहीत. तरस व कुत्रा यांच्या ठशांत नखे स्पष्ट दिसतात. ‘वाघ आला’ अशी आवई उठल्यावर ओल्या मातीतील ठसे नीट पाहिले, तर तो तरस किंवा बाऊल (रानमांजर) असल्याचे पुष्कळदा आढळून येते.

प्रदेश : या दोन तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीचा कडा उभा आहे. कसारा घाटापासून माळशेज व नाणेघाटापर्यंत आणि पुढे सिद्धगडपर्यंत त्याची भिंत पसरलेली असून तिच्या पायथ्याशी डोंगररांगा, ओढ्यांच्या घळी, भातखाचरे आणि पाडे यांची सरमिसळ आहे. भातसा, काळू, शाई व तानसा या येथील प्रमुख नद्या होत. जंगल मुख्यतः पानझडी प्रकारचे असून साग, ऐन, धावडा, खैर, मोह, कुडा व बांबू हे वृक्ष सर्वत्र आढळतात. उतारांवर करवंदीच्या जाळ्या व कारवीची दाटी असते. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाभोवतीचे जंगल १९७० मध्ये अभयारण्य म्हणून राखले गेले. त्याचे क्षेत्रफळ सु. ३०५ चौ. किमी. असून त्याचा मोठा भाग शहापूर तालुक्यात मोडतो. माहुलीचा किल्ला याच परिसरात आहे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाकडील भाग भीमाशंकर अभयारण्याला (स्थापना १९८५) जोडलेला आहे, तर कड्याच्या माथ्यावर अकोले तालुक्यातील कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. नकाशावर ही अभयारण्ये सुटी सुटी दिसतात. बिबळ्याच्या लेखी मात्र त्यांच्यामधील खाजगी राने, वन खात्याची रोपवने, गवताळ माळ व ओढ्यांचे काठ हा सर्व एकच सलग मुलूख असतो, आणि त्याच्या येथील जीवनक्रमाचा उलगडा या गोष्टीवाचून होत नाही.

उघड्या माळापासून दाट जंगलापर्यंत कोठेही राहता येणे हा बिबळ्याचा विशेष होय. त्याला लागते ती दिवसा अंग लपविण्यापुरती जागा, पाणी आणि पोटापुरते भक्ष्य. वाघाला सांबर, रानगवा यांसारखी मोठी जनावरे व विस्तीर्ण शांत जंगल हवे असते. ते नाहीसे झाले की वाघ नाहीसा होतो. बिबळ्या उंदीर, ससा, खेकडा, मोर, वानर, भेकर, रानडुकराचे पिल्लू यांपैकी जे मिळेल त्यावर निर्वाह करतो आणि म्हणून वाघ गेल्यानंतरही टिकून राहतो.

दिनक्रम : तो एकटा राहणारा व मुख्यतः रात्री हिंडणारा प्राणी आहे. दिवसाचे तास तो करवंदीच्या जाळीत, खडकाच्या कपारीत किंवा आडव्या फांदीवर पडून काढतो. सूर्यास्तानंतर तो बाहेर पडतो आणि मळलेल्या वाटा, बैलगाडीचे रस्ते व ओढ्यांची कोरडी पात्रे यांवरून चालतो. माणसांच्या पायवाटांवर त्याचे ठसे सापडतात, याचा अर्थ तो माणसांच्या मागावर असतो असा काढला जातो. वस्तुतः वाळलेल्या सागाच्या पानांवर आवाज होतो व मळलेल्या वाटेवर होत नाही, इतकेच त्यामागील कारण पुरेसे आहे.

प्रत्येक प्रौढ बिबळ्याचे स्वतःचे क्षेत्र असते. एका नराच्या क्षेत्रात दोन किंवा अधिक माद्यांची क्षेत्रे अंशतः सामावलेली असतात. झाडांच्या बुंध्यांवर व झुडपांवर मूत्राचे फवारे सोडून, जमीन मागच्या पायांनी खरवडून, खोडांवर नख्यांचे ओरखडे काढून आणि वाटेच्या मध्यभागी विष्ठा टाकून तो आपल्या हद्दीच्या खुणा ताज्या ठेवतो. त्याचा आवाज करवतीने लाकूड कापावे तसा खरखरीत व थांबून थांबून येणारा असतो. डरकाळीपेक्षा तो पुष्कळ कमी दूर ऐकू जातो. पण शेजारच्या बिबळ्याला क्षेत्र रिकामे नसल्याची सूचना देण्यास पुरेसा असतो. या खुणांमुळे प्रत्यक्ष झुंजी क्वचितच होतात. क्षेत्राचा धनी मेला किंवा नेला गेला, तर मात्र थोड्याच काळात दुसरा, बहुधा तरुण व नवखा, बिबळ्या तेथे शिरतो.

शिकार दबा धरून करतो. भक्ष्याच्या शक्य तितके जवळ सरपटत जाऊन तो अखेरच्या काही मीटरांत झेप घेतो व गळा धरून त्याला गुदमरवतो. लहान प्राण्याची मान मागून चावून मोडतो. झेप चुकली तर दूरवर पाठलाग करीत नाही. वानरांचे खेकसणे आणि भेकराचे तुटक भुंकणे यांवरून त्याची हालचाल गुराख्यांना कळते. उरलेले मांस तो पाल्याखाली दडवितो किंवा, तरस व कुत्री यांचा उपद्रव असेल तेथे, झाडावर ओढून नेतो आणि दुसऱ्या रात्री परत येतो.

प्रजोत्पादनाचा ठराविक हंगाम नसतो. गर्भावधी सु. ९० ते १०५ दिवसांचा असून एका वेळी बहुधा दोन किंवा तीन पिल्ले होतात. कपार, पोकळ बुंधा किंवा दाट जाळी यांत मादी विते. पिल्लांचे डोळे सु. दहाव्या दिवशी उघडतात. धोका वाटल्यास मादी एकेका पिल्लास तोंडात धरून जागा बदलते. शिकारीस गेलेली मादी परतण्यापूर्वी शेतात किंवा रानात सापडलेली पिल्ले ‘अनाथ’ समजून उचलून आणली जातात, तेव्हा ती बहुधा अनाथ नसतात. ती त्याच जागी टोपलीत ठेवून माणसे दूर झाली, तर मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते, असा महाराष्ट्रातील वन खात्याचा वारंवार आलेला अनुभव आहे. पिल्ले सु. दीड वर्ष आईबरोबर राहतात व दोन ते अडीच वर्षांची झाल्यावर प्रजननक्षम होतात. रानात बिबळ्या १२ ते १५ वर्षे जगतो.

गुरे, कुत्री व माणसे : शहापूर–मुरबाडच्या पाड्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली व कुणबी लोकांची वस्ती आहे. पावसाळी भातशेती संपल्यावर येणारी रोकड शेळ्याकोंबड्यांवर व मजुरीवर अवलंबून असते. कारवीच्या कुडाच्या गोठ्यातून एका रात्रीत दोन शेळ्या गेल्या, तर त्या घराचे वर्षाचे गणित कोलमडते. वन खात्याकडून पंचनाम्यानंतर भरपाई मिळते. तथापि दूरच्या पाड्यावरून वेळेत वर्दी पोहोचविणे व मेलेले जनावर जागेवर दाखविणे हे दर वेळी साधतेच असे नाही, कारण बिबळ्या पुष्कळदा ते ओढून नेतो. अशा वेळी उरलेल्या मांसावर विष टाकण्याचे प्रकार घडतात. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशांत सापडूनही बिबळे मरतात, आणि कठडा नसलेल्या विहिरींत पडतात.

तथापि बिबळ्याच्या आहारात शेळीपेक्षा कुत्र्याचे प्रमाण मोठे असते, ही गोष्ट गावकऱ्यांना ठाऊक असली, तरी तिचे मोजमाप अलीकडेच झाले. सह्याद्रीच्या पलीकडील व या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या अकोले तालुक्यात प्राणिशास्त्रज्ञ विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी विष्ठेच्या परीक्षणावरून केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे बिबळ्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के आढळला व त्यांपैकी एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता. शेळ्यांची संख्या कितीतरी अधिक असूनही त्यांचा वाटा कमी होता. शेळी रात्री कोंडली जाते, कुत्रे मोकळे असते. त्याच खोऱ्यात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणतीत १०० चौ. किमी. क्षेत्रात सु. पाच प्रौढ बिबळे असल्याचे दिसून आले. हे खोरे म्हणजे राखीव जंगल नव्हे. उसाची शेते व दाट लोकवस्ती असलेला तो बागायती भाग आहे. गावाच्या उकिरड्यावर मोकाट कुत्री पोसली जातात तोवर बिबळ्यालाही गावाजवळ अन्न मिळत राहते.

माणसावर हल्ला हा या प्राण्याच्या स्वाभाविक वर्तनाचा भाग नाही. माणसाची चाहूल लागताच तो दूर होतो. बहुतेक हल्ले अंधारात वा संधिप्रकाशात घडतात आणि त्यांत लहान मुले व एकटी माणसे अधिक सापडतात. पहाटे मोहाची फुले वेचणारी, गवत कापणारी किंवा शौचास बसलेली व्यक्ती वाकलेली असल्याने तिची उंची चौपायी जनावराएवढी दिसते, हे एक कारण सांगितले जाते. जखमी बिबळ्या, कोंडीत सापडलेला बिबळ्या व पिल्लांजवळची मादी यांपासून विशेष धोका असतो. जमावाने वेढलेला बिबळ्या बाहेर पडण्याच्या धडपडीत जे लोक जखमी करतो, त्यांची गणना नरभक्षणात करणे योग्य नाही. असे असले, तरी माणसे मरतात हे सत्य आहे. मे २०१७ मध्ये माळशेजच्या पायथ्याशी मुरबाड तालुक्यात माणसांचे बळी गेल्यानंतर एका बिबळ्याला अधिकृत परवानगीने गोळी घालून मारण्यात आले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये बिबळ्या पहिल्या अनुसूचीत असून मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्यालाच, तेही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने, मारता येते.

पकडून दूर सोडणे : गावाजवळ बिबळ्या दिसला की पिंजरा लावावा व त्याला दूरच्या जंगलात सोडावे, ही मागणी सर्वत्र होते. वरकरणी ती दोन्ही पक्षांच्या हिताची वाटते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील जुन्नर वन विभागात २००१ ते २००३ या काळात हा उपाय मोठ्या प्रमाणावर योजण्यात आला. त्यापूर्वी तेथे माणसांवर वर्षाकाठी सरासरी चार हल्ले होत. त्यानंतर ती सरासरी १७ वर गेली व प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कारणे वर वर्णिलेल्या स्वभावातच आहेत. पकडलेल्या धन्याची जागा नवखा बिबळ्या घेतो. सोडलेला बिबळ्या परक्या मुलखात येतो. तेथील रहिवासी बिबळे त्याला ठरू देत नाहीत, पाणवठे व दडण्याच्या जागा त्याला ठाऊक नसतात आणि पिंजऱ्यातील कोंडमाऱ्याने तो बिथरलेला असतो. बहुतेक बिबळे आपल्या मूळ प्रदेशाकडे निघतात व वाटेत अनोळखी गावांतून जातात. केंद्र सरकारने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्थलांतराला परावृत्त करण्यात आले आहे.

या बाबतीत शहापूर व मुरबाड तालुक्यांतून गेलेल्या एका बिबळ्याचा प्रवास प्रसिद्ध आहे. २००९ च्या उन्हाळ्यात अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक प्रौढ नर बाहेर काढण्यात आला. उपग्रहाच्या साहाय्याने स्थान कळविणारा पट्टा त्याच्या गळ्यात बांधून त्याला सु. ५२ किमी. अंतरावर माळशेज घाटात सोडले. वयस्क व शांत दिसल्यामुळे संशोधकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटले. शहापूर तालुक्यातील आजोबा डोंगराशी या नावाचा संबंध नाही. तो घाटमाथ्याकडे न परतता पश्चिमेस निघाला. रात्री चालत व दिवसा दडून राहत त्याने कसाऱ्याजवळ लोहमार्ग व मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडला, तानसाचे जंगल पार केले आणि वसईच्या औद्योगिक वसाहतीजवळून तो अखेर मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. सरळ रेषेत मोजले, तरी हे अंतर ३७ दिवसांत ८९ किमी. भरते. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केल्याचे आढळले नाही. तेथे त्याने सु. ४२ चौ. किमी. क्षेत्रात आपले बस्तान बसविले. गळ्यातील पट्टा पुढे निरुपयोगी झाला. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबळ्या मेला, तो हाच असल्याचे त्याच्या अंगात बसविलेल्या सूक्ष्म चकतीवरून ओळखता आले. २०१४ मध्ये या प्रवासावर आजोबा हा मराठी चित्रपट निघाला.

त्याच्यासह एकूण पाच बिबळ्यांना असे पट्टे बांधण्यात आले होते. त्यांपैकी चार महाराष्ट्रातील होते. मूळ जागेजवळच सोडलेल्या तिघांनी ८ ते १५ चौ. किमी. एवढ्या लहान क्षेत्रात संसार केला. रात्री ते तासाला सरासरी ३४० मी. चालत, दिवसा अवघे ६० मी. सरकत. दाट वस्तीत राहणाऱ्या बिबळ्यांची रात्रीची एक पंचमांश स्थाने घरांपासून २५ मी. च्या आत होती. दिवसा हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. घरातील माणसांना आपल्या अंगणातून रोज काय जाते, याची बहुधा कल्पनाही नसते.

ज्यांना ती कल्पना आहे, त्यांनी तिला जुन्या काळापासून वेगळे रूप दिले आहे. ठाणे व पालघर जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांच्या शिवेवर वाघोबाची ठाणी आढळतात. लाकडी किंवा दगडी फळीवर वाघ, सूर्य व चंद्र कोरून तिला शेंदूर फासलेला असतो. दिवाळीच्या आरंभी वाघबारशीला तेथे नारळ, कोंबडा वा बकरा अर्पण करून गुराढोरांचे व माणसांचे रक्षण करण्याची विनवणी करतात. ही मूर्ती पट्टेवाल्या वाघाची की बिबळ्याची, हा प्रश्न भक्तांना पडत नाही. वाघोबाला दिलेला बळी हा त्याचा हक्काचा वाटा मानला जात असल्याने एखादी शेळी गेल्यावर सूडाची भावना काहीशी सौम्य होते, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे. तथापि माणूस मेल्यावर ही समजूत पुरी पडत नाही.

२०२२ च्या गणनेवर आधारलेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात १३,८७४ बिबळे असून त्यांपैकी १,९८५ महाराष्ट्रात आहेत. शेतांमधून राहणाऱ्या सर्व बिबळ्यांचा समावेश या आकड्यांत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने ही जाती २०१६ पासून असुरक्षित गटात घातली आहे. शहापूर–मुरबाड भागात शिकारीइतकाच गंभीर प्रश्न मार्गांचा आहे. कल्याण–कसारा लोहमार्ग, मुंबई–नाशिक महामार्ग आणि माळशेजवरून जाणारा कल्याण–अहिल्यानगर मार्ग बिबळ्यांच्या वाटा छेदतात. जून २०२५ मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पाही शहापूर तालुक्यातून जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण असल्याने पूर्वीप्रमाणे कोठूनही तो ओलांडणे शक्य नाही. बोगद्यांवरचे डोंगर, उंच पुलांखालील ओढे व नाल्यांच्या मोऱ्या याच ओलांडण्याच्या जागा उरल्या आहेत. तानसाच्या जंगलातून माळशेजकडे जाणाऱ्या तरुण बिबळ्याला, क्षेत्र शोधताना, आता या जागा हुडकाव्या लागतात.